भंगार, भांगार आणि ‘काढणे’ : वनस्पतिजन्य सुवर्णप्राप्तीच्या मराठी परिभाषेची समीक्षा

१

निकामी झालेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून सोने, चांदी, पॅलेडियम ह्यांसारखे मोलाचे धातू परत मिळवावेत, आणि त्या कामी वनस्पतींपासून तयार केलेल्या पदार्थांचा उपयोग करावा, हा गेल्या दोन-तीन दशकांत रसायनशास्त्राच्या अभ्यासाचा एक लक्षणीय विषय झाला आहे. त्याच्या वार्ता मराठी वाचकांपर्यंतही येऊन पोहोचतात. वार्ता खऱ्या असतात; त्यांतील आकडेही बहुधा बरोबर असतात; तरीही त्या वाचून वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते पुष्कळदा मूळ प्रयोगाहून निराळे असते. ही तफावत कशामुळे पडते, ह्याचा शोध भाषेच्या अंगाने घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विज्ञानविषयक मराठी लेखनाचे दोष दाखविताना शब्दांच्या दारिद्र्याची तक्रार नेहमी केली जाते. येथे ती तक्रार लागू पडत नाही. नामांची उणीव नाही. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाल्यापासून निघालेले परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश ह्यांनी धातुशास्त्र व रसायनशास्त्र ह्या विषयांना पुरेशी नामे दिलेली आहेत. उणीव आहे ती क्रियापदांच्या नेमकेपणाची. चार वेगवेगळ्या क्रिया एकाच ‘काढणे’ ह्या क्रियापदात कोंबल्या जातात. त्या क्रियांचे कर्ते झाकले जातात. आणि जे काम अम्लाने केले त्याचे श्रेय वनस्पतीच्या पदरात पडते. विशेष हे की, ह्या चारही क्रियांना मराठीत स्वतंत्र, रुळलेले आणि अचूक शब्द सोनारकामात पूर्वापार आहेत.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. त्याचे व्यावहारिक स्वरूप ध्यानात यावे म्हणून एक गाव समोर ठेवणे सोयीचे होईल. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून साजगाव आहे. तेथील विठोबाची कार्तिकी यात्रा प्रसिद्ध आहे. घाटावरची घोंगडी आणि किनाऱ्यावरची सुकी मासळी ह्या यात्रेच्या बाजारात एकत्र येतात, आणि सुक्या बोंबलांच्या ह्या बाजारावरूनच देवाला ‘बोंबल्या विठोबा’ हे लोकांनी दिलेले नाव पडले आहे. भोवतालचा मुलूख भाताचा आहे. शेजारच्या कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र असून तेथे निघालेली भाताची वाणे गावाच्याच नावाने ओळखली जातात. डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. खोपोलीच्या परिसरात लोखंडी भंगार वितळवून पोलाद करण्याचा उद्योग १९६० नंतरच्या दशकात आला. खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून १९१५ पासून सुटणारे पाणी पाताळगंगेला मिळते, आणि ती नदी पुढे अनेक गावांना व कारखान्यांना पाणी पुरविते.

म्हणजे एका बाजूस वनस्पतिजन्य पदार्थ, दुसऱ्या बाजूस भंगाराचा व्यवहार, आणि दोहोंच्या मध्ये नदी, अशी ह्या गावाची स्थिती आहे. उद्या अशा गावापुढे धातुप्राप्तीची एखादी योजना आली, तर ती समजून घेण्याचे व तीवर मत देण्याचे काम मराठीतच होणार. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक असते, त्यांच्या पर्यावरणीय अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा, असे २००६ ची अधिसूचना सांगते. तो सारांश कोणत्या क्रियापदांत लिहिला जातो, ह्यावर गावाला काय कळते आणि काय कळत नाही, हे ठरते.

२

प्रथम नामांचा विचार करू. ह्या पदार्थाला शासकीय व्यवहारात ‘ई-कचरा’ म्हणतात. भारतात त्यासंबंधीचे नियम प्रथम २०११ मध्ये झाले, २०१६ मध्ये बदलले, आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. इंग्रजी संज्ञेचे भाषांतर म्हणून ‘कचरा’ हा शब्द आला आणि स्थिरावला. परंतु मराठीत ‘कचरा’ आणि ‘भंगार’ ह्यांत जो भेद आहे तो इंग्रजी संज्ञेत नाही. कचऱ्याला भाव नसतो. तो टाकला जातो, झाडून नेला जातो. भंगाराला वजन असते, भाव असतो आणि गिऱ्हाईक असते. दारावर येणारा भंगारवाला कचरा नेत नाही, तो माल विकत घेतो. बिघडलेला दूरध्वनी किंवा संगणक विकला जातो तेव्हा व्यवहार भंगाराचा असतो. त्यातून हवे ते घेऊन उरलेले टाकले जाते तेव्हा कचरा निर्माण होतो. हा क्रम ‘ई-कचरा’ ह्या शब्दाने पुसला जातो. ज्याला कायदा आरंभी कचरा म्हणतो तो मराठी व्यवहारात आरंभी भंगार असतो, आणि खरा कचरा तयार होतो तो प्रक्रियेच्या शेवटी. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडेल.

‘भंगार’ शब्दाशेजारी एक मोह उभा आहे. जुन्या मराठीत सोन्याला ‘भांगार’ म्हणत. ज्ञानेश्वरीत हा शब्द ह्याच अर्थी येतो, आणि गोव्याच्या कोकणीत ‘भांगर’ हा सोन्याचा नित्य व्यवहारातील शब्द आजही आहे. भंगारातून भांगार निघते, अशी कोटी करण्यास ह्याहून चांगली सामग्री कोणती? परंतु हे दोन शब्द सगोत्र नाहीत. ‘भंगार’चा संबंध ‘भङ्ग’शी, म्हणजे मोडण्याशी लावला जातो, ‘भांगार’ हा संस्कृत ‘भृङ्गार’ शब्दापासून आला, ज्याचा एक अर्थ सोन्याची झारी असा आहे. ध्वनींच्या योगायोगाने दोन शब्द शेजारी आले म्हणून त्यांच्या अर्थांत नाते निर्माण होत नाही. भाषाशास्त्रात ह्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. विज्ञानविषयक लेखनातही एक प्रकारची लोकव्युत्पत्ती चालते. तेथे शब्दांऐवजी वस्तूंची जवळीक पाहून कार्यकारणभाव जोडला जातो. सोन्याच्या शेजारी वनस्पती दिसली की सोने वनस्पतीने काढले असे म्हटले जाते.

‘कचऱ्यातून सोने’ हा शब्दप्रयोग ह्याच जातीचा आहे. २०२२ ह्या वर्षात जगात ६२० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद झाली, असे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. ह्या राशीत सोने आहे हे निश्चित, पण किती? टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांची पदके जुन्या उपकरणांतील धातूंपासून घडविण्यासाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ ह्या काळात जपानभर ७८,९८५ टन उपकरणे गोळा करण्यात आली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल दूरध्वनी होते. त्यांतून सोने मिळाले ३२ किलोग्रॅम. गणित केले तर टनामागे अर्धा ग्रॅमही पडत नाही. उलट, निवडलेल्या दूरध्वनींच्या नुसत्या सर्किट-पाट्या घेतल्या तर टनामागे काही शे ग्रॅम सोने असू शकते, आणि ते खाणीतील चांगल्या खनिजाच्याही कितीतरी पट भरते. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले विधान सरसकट गोळा केलेल्या उपकरणांविषयी आहे, दुसरे निवडलेल्या पाट्यांविषयी. ‘ई-कचऱ्यातील सोने’ असे म्हणणारा लेखक कोणत्या राशीविषयी बोलत आहे हे सांगत नसेल, तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही. सोने तेथे असते ते गाठीच्या रूपाने नव्हे, तर जोडांवर व टोकांवर चढविलेल्या पातळ मुलाम्याच्या रूपाने. ‘मुलामा’ हा सोनारी शब्द येथे अगदी चपखल असूनही तो क्वचितच वापरला जातो.

३

आता क्रियापदाकडे वळू. ‘काढणे’ हे मराठीतील अत्यंत व्यापक क्रियापद आहे. विहिरीतून पाणी काढतात, पायातून काटा काढतात, दुधातून लोणी काढतात, चित्र काढतात, कर्जही काढतात. संदर्भ ओळखीचा असतो तेव्हा ह्या व्यापकपणाने अडत नाही. लोणी कसे काढतात हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. संदर्भ अनोळखी असेल तेव्हा मात्र ऐकणारा आपल्या ओळखीची क्रिया तेथे घालतो. ‘संत्र्याच्या सालीने सोने काढणे’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात साल पाटीवर घासली आणि सोने सुटून आले, अशा प्रकारचे काहीतरी उभे राहते. प्रत्यक्षात साल त्या पाटीजवळही जात नाही.

सोनाराच्या दुकानातील झाडलोट, भट्टीची राख, पाण्याच्या कुंडीतील गाळ विकत घेऊन त्यांतून सोन्याचे कण मिळविणारे लोक पूर्वीपासून आहेत. त्यांना मराठीत ‘झारेकरी’ म्हणतात. हा शब्द जुना आहे, आणि आज ज्याला पुनर्प्राप्ती म्हणतात तिचा धंदा ह्या नावाने चालत आला आहे. झारेकरी आणि सोनार ह्यांच्या बोलीत संपूर्ण प्रक्रियेचे टप्पे निरनिराळ्या क्रियापदांनी ओळखले जातात. त्यांतील चार येथे पुरेसे आहेत.

पहिली क्रिया सोडविण्याची : उपयोगाचा भाग निरुपयोगी भागापासून हाताने, चाळणीने, पाण्याने अलग करणे. दुसरी विरविण्याची : धातूचे घनरूप मोडून तो तेजाबात उतरविणे. तिसरी टिपण्याची : द्रवात उतरलेला धातू त्या द्रवातून वेचून घेणे. चौथी आटविण्याची : मिळालेला चुरा मुशीत घालून, सवागी टाकून, वितळवून त्याची लगड करणे. ह्यानंतर कस लावणे येते, ती परीक्षा आहे.

आता वनस्पतिजन्य पदार्थांवरील प्रसिद्ध प्रयोग ह्या चार क्रियांवर ठेवून पाहावेत.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडर्ट ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्टॉडर्ट ह्यांना पुढे २०१६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पिष्टापासून, म्हणजे मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून मिळणारे अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे वलयाकृती द्रव्य सोन्याच्या ब्रोमाइड-क्षाराच्या द्रावणात घातले, की काही मिनिटांत सुईसारखे स्फटिक तयार होऊन सोने खाली बसते, आणि प्लॅटिनम व पॅलेडियम द्रावणात राहतात. हा शोध सुंदर आहे, आणि सोन्याच्या उद्योगातील सायनाइडला पर्याय म्हणून तो मांडला गेला. परंतु सोने ब्रोमाइड-क्षाराच्या रूपात आले कसे? त्याआधी ते हायड्रोब्रोमिक व नायट्रिक अम्लांच्या मिश्रणात विरविलेले होते. पिष्टाने केले ते टिपण्याचे काम.

जपानातील सागा विद्यापीठाच्या संशोधकांनी पर्सिमॉन ह्या फळातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, घेऊन त्याचे न विरघळणारे जेल बनविले. हे जेल अम्लयुक्त द्रावणातील सोने तांबे व जस्त ह्यांना फारसे न शिवता धरते, इतकेच नव्हे तर त्याचे धातुरूप कणांत रूपांतर करते. म्हणजे टिपण्याबरोबर क्षपणही करते. पर्सिमॉन आणि आपल्याकडील टेंभुर्णी ही एकाच प्रजातीची, डायोस्पायरॉसची, झाडे आहेत, आणि टेंभुर्णीच्या कच्च्या फळाची तुरट चव परिचित आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून मिळणारा कात, सह्याद्रीतील हिरडा, हे सर्व ह्याच तुरट द्रव्यांचे धनी होत. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील कातकरी ह्यांचे नावच कात करण्याच्या व्यवसायावरून पडले, असे मानले जाते. तुरट द्रव्यांचे ज्ञान ह्या भागाला नवे नाही. पण जपानी प्रयोगातही सोने आधी हायड्रोक्लोरिक अम्लाच्या द्रावणात आणलेले होते. तुरट द्रव्याचे काम तिसऱ्या क्रियेपासून सुरू होते.

मोहरीचा दाखला आणखी बोलका आहे. न्यूझीलंडमधील ब्रुक्स, अँडरसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ मध्ये दाखविले की, सोने असलेल्या मातीत मोहरीचे रोप वाढविले तर ते आपल्या अंगात सोने साठवू शकते. ही वार्ता ‘सोन्याचे पीक’ अशा रूपात सहज सांगता येते. मात्र त्यासाठी मातीत अमोनियम थायोसायनेट घालावे लागले. त्याने सोने विरविले आणि मग मुळांनी ते वर घेतले. येथे तर वनस्पती जिवंत आहे, वाढत आहे, आणि तरीही विरविण्याचे काम तिचे नाही.

ह्या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. सोने हा सहजासहजी न विरणारा धातू आहे. त्याची प्रतिष्ठा त्याच गुणावर उभी आहे. त्याला विरविण्यास अम्लराज, सायनाइड, ब्रोमाइड, थायोसायनेट अशा द्रव्यांची गरज पडते. वर दिलेल्या प्रयोगांत वनस्पती येते ती त्यानंतर. तिचे कर्तृत्व मोठे आहे, कारण अनेक धातूंच्या गर्दीतून एकच धातू वेचून घेणे हे अवघड काम आहे. परंतु ते तिसऱ्या क्रियेचे कर्तृत्व आहे, दुसऱ्या क्रियेचे नव्हे. आणि धोका असतो तो मुख्यतः दुसऱ्या क्रियेत. ‘वनस्पतीने सोने काढले’ ह्या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष असा की, त्यात धोक्याच्या क्रियेचा कर्ता लुप्त झाला आहे. ‘सोने मिळविले जाते’ ह्या कर्मणी रचनेत तर कोणताच कर्ता उरत नाही. अम्लाच्या कुंडीवर उभा असलेला माणूस वाक्यातून नाहीसा होतो.

४

विशेषणांची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. ‘वनस्पतिजन्य सुवर्णप्राप्ती’ ह्या शब्दसंहतीत ‘वनस्पतिजन्य’ हे विशेषण नेमके कोणाचे? ‘जन्य’ म्हणजे ‘पासून उत्पन्न झालेले’. प्राप्ती वनस्पतीपासून उत्पन्न झालेली नाही, सोनेही नाही. वनस्पतीपासून उत्पन्न झालेले आहे ते फक्त टिपून घेणारे द्रव्य, आणि नेमके त्याच द्रव्याचे नाव ह्या शब्दसंहतीत नाही. एका साधनाचे विशेषण उचलून संपूर्ण प्रक्रियेला लावले गेले आहे. मग त्या विशेषणाच्या पाठोपाठ ‘नैसर्गिक’ येते, ‘हरित’ येते, आणि शेवटी ‘निर्धोक’ हा अर्थ कोणी न लिहिताही वाचला जातो.

हे अनुमान किती पोकळ आहे हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे. जगातील सोन्याच्या खाणींत सोने टिपण्यासाठी जे द्रव्य सर्वाधिक रुळलेले आहे ते म्हणजे नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत १९७३ मध्ये ह्या कोळशाची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि पुढे ती जगभर पसरली. करवंटीहून अधिक ‘वनस्पतिजन्य’ ते काय असणार? पण ती करवंटी ज्या द्रवातून सोने टिपते तो द्रव सायनाइडचा असतो. सोने सायनाइडने विरविण्याच्या पद्धतीचे एकस्व मॅकआर्थर व फॉरेस्ट ह्यांनी १८८७ मध्ये घेतले होते. टिपणारे द्रव्य झाडाचे असल्याने विरविणारे द्रव्य सौम्य ठरत नाही. भाताच्या तुसापासून केलेल्या कोळशाचेही तसेच. तूस साजगावच्या परिसरात मुबलक मिळते हे खरे, पण ते कोणत्या द्रवात टाकले जाणार, हा प्रश्न तुसाच्या निरागसपणाने सुटत नाही.

तिसऱ्या क्रियेसाठी परिभाषेत ‘अधिशोषण’ हा शब्द आहे आणि विद्वानांच्या व्यवहारात तो योग्य आहे. सामान्य लेखनात मात्र त्याचे ‘शोषण’ होते, आणि ‘जैवशोषण’ असा समासही बनतो. ‘शोषणे’ म्हणजे आत ओढून घेणे. येथे तर पदार्थ पृष्ठभागावर धरला जातो. त्या जागी ‘टिपणे’ हे क्रियापद अधिक उचित आहे. त्याला मराठीत दोन अर्थच्छटा आहेत. टिपकागद शाई टिपतो, म्हणजे पृष्ठाने द्रव उचलतो. चिमणी दाणे टिपते, म्हणजे खड्यांतून दाणा तेवढा निवडून उचलते. पृष्ठाने धरणे आणि निवडून धरणे, हे दोन्ही गुण ह्या प्रयोगांचा प्राण आहेत, आणि दोन्ही एका घरगुती क्रियापदात आधीच एकत्र नांदत आहेत. परिभाषेच्या दृष्टीने ह्याहून सुदैवी शब्द मिळणे कठीण.

उलट, ‘शोधन’ ह्या शब्दाच्या बाबतीत सावधगिरी हवी. वनस्पतींनी धातू शुद्ध करण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन काळापासून होती, असे सांगताना रसशास्त्रातील शोधनाचा आधार घेतला जातो. तेथील सामान्य शोधनात तापविलेले धातूचे पत्रे तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळिथाचा काढा ह्यांत प्रत्येकी सात वेळा विझवितात. कुळिथाचा काढा वनस्पतिजन्य आहे यात शंका नाही. परंतु त्या शोधनाचा हेतू धातू औषधाला योग्य करणे हा होता. मिश्रणातून एक धातू वेगळा करून त्याचा कस वाढविणे हा नव्हता. एकाच शब्दाचे दोन शास्त्रांतील दोन अर्थ एक मानले की परंपरा सिद्ध झाल्याचा आभास होतो. ‘काढा’ आणि ‘काढणे’ हे शब्द सारखे दिसत असले, तरी पहिला क्वाथापासून आणि दुसरा ओढण्याच्या अर्थाच्या निराळ्या धातूपासून आला आहे. दिसण्यातील साम्य हा पुरावा नव्हे.

५

क्रियापदे व विशेषणे ह्यांच्या बरोबरीने परिमाणवाचक शब्दांचीही तपासणी केली पाहिजे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संशोधकांनी २०२४ मध्ये दह्यादुधाच्या निवळीतील प्रथिनांपासून स्पंजासारखा पदार्थ बनवून वीस जुन्या संगणक-पाट्यांतून ४५० मिलिग्रॅमची सोन्याची लगड मिळविली. तो पदार्थ वनस्पतीचा नसून दुधाचा आहे. तथापि ह्या प्रयोगाचा उल्लेख वनस्पतिजन्य द्रव्यांच्या चर्चेत नेहमी होतो आणि येथे त्याचा उपयोग एका शब्दासाठी आहे. त्या लगडीत ९१ टक्के सोने होते, उरलेले तांबे. ‘९१ टक्के सोने मिळाले’ असे मराठीत लिहिले, तर वाचक काय समजेल? पाट्यांत असलेल्या सोन्यापैकी ९१ टक्के हाती आले, असाच अर्थ सहज होईल. वास्तविक तो आकडा लगडीच्या शुद्धतेचा आहे. सोनाराच्या हिशेबाने सुमारे बावीस कॅरटचा.

मराठीत हा घोटाळा होण्याचे कारण नाही, कारण दोन्ही कल्पनांना स्वतंत्र शब्द आहेत. शुद्धतेला ‘कस’ म्हणतात. त्यावरूनच ‘बावनकशी’ हा शब्द आला, आणि हलक्या धातूच्या भेसळीला ‘हीण’ म्हणतात म्हणून ‘हिणकस’ हाही आला. जे होते त्यापैकी किती हाती लागले, ह्या अर्थी महाराष्ट्रातील प्रत्येक ऊस-उत्पादक एक शब्द जाणतो : ‘उतारा’. उसाचा साखर-उतारा किती पडला ह्यावर त्याचा भाव ठरतो, आणि त्या शब्दाबाबत त्याची फसवणूक करणे सोपे नाही. तोच शब्द येथे वापरला, तर ‘उतारा किती आणि कस किती’ हे दोन प्रश्न आपोआप अलग होतात. ‘पुनर्प्राप्तीची टक्केवारी’ ह्या भारदस्त संज्ञेने ते अलग होत नाहीत.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घरगुती व सोनारी शब्द शास्त्राला पुरणार नाहीत. संस्कृतोद्भव परिभाषा भारतीय भाषांना समान आहे आणि तिच्यात साधित शब्द सुलभतेने बनतात. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच ‘निक्षालन’, ‘अधिशोषण’, ‘क्षपण’ ह्या संज्ञा काढून टाकाव्यात असे येथे सुचविलेले नाही. प्रबंधात त्या राहाव्यात. मात्र प्रबंधाबाहेर पडताना त्या संज्ञांचे भाषांतर ‘काढणे’ असे एकच होऊ नये. विरविणे, टिपणे, आटविणे असे तीन व्हावेत. परिभाषा आणि बोली ह्यांच्यामधील हा पूल आज मोडलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झारेकऱ्याच्या भाषेचा गौरव करताना त्याच्या धंद्याचे वास्तव विसरले जाते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. तेजाबाची वाफ छातीत घेणारे, उघड्या हातांनी राख कालविणारे लोक ह्याच शब्दांच्या सोबतीने जगले. मुंबईपासून मुरादाबादपर्यंतच्या भंगार-बाजारांत पाट्या जाळून आणि अम्लात बुडवून धातू मिळविण्याचे जे काम चालत आले आहे, ते झारेकऱ्याच्या कामाचेच विस्तारलेले व अधिक विषारी रूप आहे. जुनी बोली नेमकी आहे, पण ती पूर्ण नाही. तिच्यात हाती आलेल्या प्रत्येक वस्तूला नाव आहे. सोडून दिलेल्या वस्तूला नाही. सोने टिपल्यावर मागे जो द्रव उरतो, ज्यात तांबे, शिसे, कथील आणि अम्ल असते, त्याला झारेकऱ्याने नाव दिले नाही. त्याच्या लेखी ते वाहून गेलेले पाणी होते. गंमत अशी की, नव्या परिभाषेनेही हे स्थान रिकामेच ठेवले आहे. तिने प्राप्तीला पाच-सहा नामे दिली आणि उरलेल्या द्रवाला ‘इत्यादी’मध्ये टाकले. खरा कचरा प्रक्रियेच्या शेवटी जन्मतो असे वर म्हटले तो हाच, आणि कायद्याने ज्याला आरंभीच कचरा म्हटले त्याच्या गलबल्यात हा बेनाम राहतो. त्याला ‘उरलेला द्राव’ असे साधे नाव जरी दिले, तरी त्याच्याविषयी प्रश्न विचारता येईल. नाव नसलेल्या वस्तूविषयी प्रश्न विचारता येत नाही.

ह्या समीक्षेचा निष्कर्ष वनस्पतिजन्य द्रव्यांच्या विरुद्ध जात नाही. हिरड्याच्या किंवा काताच्या तुरट द्रव्याने, तुसाच्या किंवा करवंटीच्या कोळशाने सोने टिपता येणे ही मोलाची गोष्ट आहे. ती स्वस्त आहे, निवडक आहे, आणि टिपण्यासाठी लागणारी महाग कृत्रिम द्रव्ये तिने वाचू शकतात. तिचे मोल तिच्याच क्रियेपुरते सांगितले, तर ते टिकते. चारही क्रियांचे श्रेय तिला दिले, तर पहिल्या अपघाताबरोबर तेही जाते. वनस्पतीवर झालेला हा शब्दांचा मुलामा उतरविणे, हेच तिच्या खऱ्या कसाचे रक्षण आहे.

म्हणून अशा कोणत्याही योजनेचा मराठी सारांश पाच प्रश्नांची उत्तरे देतो की नाही, हे पाहावे. भंगार कोणते आणि ते कोण सोडविणार? धातू कशात विरविणार? कशाने टिपणार? उतारा किती व कस किती? उरलेला द्राव कोठे जाणार? ह्यांतील एकही शब्द साजगावच्या ग्रामसभेला समजावून सांगावा लागणार नाही. ज्या सारांशात ह्या पाचांपैकी फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल, तो व्याकरणदृष्ट्या कितीही निर्दोष असला तरी अपुरा समजावा, आणि पाताळगंगेच्या काठावर तो तसाच परत करावा.